तिच्या रक्तावर पोसलेलं

४ जून
आले एकदाची. नवी नोकरी, नवं गाव आणि खोलीला चक्क दोन खिडक्या. प्रयोगशाळा लहान, पण लखलखीत. माणसाच्या मूळ पेशी बाटल्यांत वाढवायचं काम. त्यांना पोसायला पूर्वी वासरांच्या रक्तातला द्रव लागायचा. आमच्या साहेबांनी तो बंद केला. आता रक्तदात्यांच्या प्लेटलेट, म्हणजे जखमेतलं रक्त थांबवणाऱ्या कणिका, गोठवायच्या, वितळवायच्या, त्या फुटल्या की उतरणारा पिवळसर रस पेशींना द्यायचा. आईला फोनवर ऐटीत सांगितलं, आमच्याकडे प्राण्याचं काहीच नाही. ती म्हणाली, मग माणसाचं चालतं होय?

९ जून
साहेब हसतमुख आहेत, फक्त गुडघ्याने लंगडतात. त्यांच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी इथे वाढवून गुडघ्यात टोचून घेणार आणि पाहुण्यांसमोर चालून दाखवणार. त्या पेशी माझ्या ताब्यात. प्लेटलेटच्या पिशव्या रक्तपेढीतल्या सिस्टर आणतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. बोलतात मोजकं. माझ्या आधी इथे एक मुलगी होती, एवढं कळलं. पुढे विचारलं की लोकांना कामं आठवतात.

१५ जून
मावशींनी आणलेल्या नव्या पिशव्यांचा रस घातला आणि पेशी नुसत्या फोफावल्या. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लांबट, एकाच दिशेला तोंड केल्यासारख्या. बाटली उलटी फिरवून ठेवली. दुपारी पाहते तर पुन्हा तिकडेच वळलेल्या. तिकडे साहेबांची खोली आहे.

१९ जून
मावशींना विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ती मुलगी त्यांची सख्खी भाची. तिच्या प्लेटलेटवर पेशी छान वाढतात हे कळल्यावर साहेब तिलाच पुन्हा पुन्हा प्लेटलेट काढायच्या खुर्चीत बसवायचे. अंगावर निळे डाग उठले, तरीही. एकदा जिन्यात पाय घसरला, डोक्याला जरासं लागलं. रक्त थांबलंच नाही. तिला आधीपासून आजार होता, असं साहेबांनी घरच्यांना सांगितलं.

“तिच्या उरलेल्या पिशव्या मी टाकल्या नाहीत,” मावशी म्हणाल्या. “त्याच तुला देतेय.”

साहेबांना सांगायला उठले, तर त्यांनीच बोलावलं. रुजू होताना केलेली माझी रक्तचाचणी उत्तम आली म्हणे. पुढच्या आठवड्यापासून मी खुर्चीत बसावं. जबरदस्ती नाही, पण नोकरी अजून पक्की व्हायचीय ना, असंही म्हणाले.

काही न सांगता बाहेर आले. पेशींना तिचाच रस घातला.

२४ जून
टोचलं. डॉक्टरांच्या हातात सिरिंज मी दिली. मला वाईट वाटायला हवं होतं.

२६ जून
साहेब ताठ चालले. टाळ्या पडल्या. मावशीही टाळ्या वाजवत होत्या, इतरांपेक्षा जास्त वेळ.

२९ जून
गुडघ्यावर नखं आलीत. पाच. नाजूक, बाईची. पॅन्ट वर करून त्यांनी दाखवली आणि हरवलेल्या पोरासारखे माझ्याकडे बघत राहिले. मावशींनी वाकून निरखलं. अंगठ्याचं तिच्यासारखंच आहे, म्हणाल्या, कोपऱ्यात तुटकं.

१ जुलै
पाय त्यांचं ऐकत नाही. ओढत आणतो त्यांना — त्याच खुर्चीकडे. साहेबांनी दाराची चौकट धरली होती. बोटं एकेक करून सुटली. मावशींनी सुई लावली. साहेबांनी हात जोडले. मी बाजूला उभी होते.

बरं वाटलं. खरंच, बरं वाटलं.

२ जुलै
दुसरी पिशवी भरली. तिसरी. साहेबांच्या अंगावर निळे डाग. आता पुरे, असं मी मावशींना म्हटलं. त्यांचा चेहरा पांढराफटक — सुई त्यांनी केव्हाच काढली होती, म्हणाल्या.

मग नळीत रक्त कुठून —

३ जुलै
साहेब गेले. त्यांना खाली नेलं. झालं, मावशी म्हणाल्या आणि डोळे पुसत निघून गेल्या.

झालेलं नाही. दार उघडत नाहीय. बाटल्यांतल्या पेशी काचेवर चढल्यात — बाहेर — दिशा बदललीय. माझ्याकडे.

मी तुझ्या बाजूची, मोठ्याने सांगितलं तिला. दोनदा सांगितलं. पण तिला रोज गोठवत, वितळवत, बाटल्यांत ओतत कोण होतं, हे तिला —