भिंतीतलं पाहुणं

१६ फेब्रुवारी २००३
एसटी हुकली. ट्रॅक्टरवर बसून पुसेगाव. गंगाकाकूंच्या शेताच्या कडेची काळी भिंत जागेवर आहे. जाते कुठे म्हणा. गाव म्हणतं, राक्षसांनी रचली. काकूंना मी माझी गोष्ट सांगितली: जमिनीला भेग पडली, तापलेला रस वर चढला, वाटेत खालच्या खडकाचे तुकडे उचलून आणले आणि थिजला, तीच ही भिंत. त्यांनी भिंतीतल्या गुलाबी तुकड्यावर बोट ठेवलं.
"म्हंजे हे लेकरू इथलं न्हाई."
"पाहुणं आहे, काकू."
"मग जपून ने बाई."
जपून काय नेते, हातोडी लावली की भुगा. वरचे सगळे पाहुणे ऊनपावसाने कुजलेले.

२ मार्च
गाईड सरांनी नमुने बघून बाजूला सारले. "आतला, ताजा तुकडा आणा." त्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही. आतला म्हणजे सुरुंग लावून. सरांना म्हणायला काय जातं.

२३ मार्च
भिंतीपलीकडे काकूंचे दीर, मारोतीभाऊ. त्यांची विहीर ठणठणीत कोरडी, काकूंची भरलेली. आज पाणी शोधायला पाणाड्या आणला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरला. भिंतीपाशी नारळ उभा राहिला. तरी भाऊंचं मन मानेना.
"म्याडम, तुमी शिकलेल्या. विहिरीतून आडवा सुरुंग घेऊन भिंत फोडू का?"
तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला लिहू. एक बार, की ताजे पाहुणे हातात.
मी नको म्हणाले. म्हटलं, या भिंतीनेच पाणी अडलंय भाऊ, फोडली तर काकूंची विहीर आटेल.
भाऊंनी भिंतीवर थाप मारली. "म्हंजे पाणी हाय तिकडं. बराबर."
झालं. नारळावर बसला नव्हता तो विश्वास माझ्यावर बसला. शहाणपण करायला गेले आणि...

३० मार्च
काकूंना सगळं सांगितलं. चिडतील वाटलं होतं, तर चहा टाकला. "त्याची बी जनावरं तहानलेलीच हायेत की. पर माझा ऊस?"
दोघी भाऊंकडे गेलो. काकूंच्या विहिरीवरून त्यांच्या हौदात पाइप टाकू, म्हटलं. काकू लगेच तयार.
"वैनीच्या दयेवर किती दिवस काढू?" भाऊ म्हणाले. आवाज चढला नव्हता. परतीच्या एसटीत तेच वाक्य डोक्यात.

१३ एप्रिल
पोचायच्या आत बार उडाला होता. काकू बांधावर एकट्या. पदराची गाठ सोडून दगड माझ्या हातात दिला. काळाभोर, आणि मधोमध गुलाबी तुकडा, कडा धारदार, कण लखलखीत.
"तुझं पाहुणं. मारोतीच्या विहिरीत पडलं व्हतं. त्याच्याकडनं मागून आणलं."
असा नमुना मी आजवर पाहिला नव्हता. आनंद व्हायला हवा होता. रडूच आलं.
"काहून रडून राहिली? ह्येच पाहिजे व्हतं ना?"
"काकू, तुमची विहीर?"
"सकाळपासून वाकून पाह्यलं न्हाई. धीर होईना. तू बघून ये, मला सांग."
पलीकडे भाऊंची बैलं पाणी पीत होती. दगड काकूंच्या शेजारी ठेवला आणि विहिरीकडे निघाले.