प्रस्थानाची बॅग मालखान्यातून सोडण्याबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
ज्या ठाण्याच्या मालखान्यात माही बॅग हाय ते पोलीस ठाणे,
अमरावती.

अर्जदार : सागर गोवर्धन अंबाडकर, रा. पिंपळशेंडा, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला. धंदा : आजपर्यंत भाजीपाला.

विषय : बेवारस म्हणून जप्त केलेली माही बॅग आज रात्रीच्या गाडीआधी परत भेटण्याबाबत.

संदर्भ : हवालदार रामराव साहेबांसोबत सकाळी झालेलं बोलणं अन् दुपारी झालेलं भांडण.

सोबत जोडलेले कागद : नाई. सारे बॅगेत हायत.

महोदय,

"बॅग तुही हाय तं तसा कागद दाखव नं बे," असं रामराव साहेब मले म्हणाले. मी म्हटलं, कागद बॅगेत हाय, बॅग खोला. ते म्हणाले, "कागद पाह्यल्याबिगर खोलू कशी?" मोबाईलमधलं आधार दाखवलं. त्यातला फोटो मी तिसरीत असतानाचा हाय. ते म्हणे, "हे लेकरू कोण?" तिथून आवाज वाढला. माहाही वाढला, हे मान्य करतो.

१. मी ओमान देशात भाजीच्या मळ्यावर कामाले चाललो. एकटा. विमान उद्या सकाळी मुंबईहून हाय. तिकीट मीच राजापेठेतल्या दुकानात बसून काढलं. ते वापस होत नाई, अन् व्हिसाची तारीख परवा संपते. मी नववीत शाळा सोडली, मले दुसरं कोणी बोलावणार नाई.

२. तिकीट पाहून माही माय मैनाबाई म्हणे, घरून निघाच्या दिवशी तं अमावस्या हाय, घरातून पाय काढू देणार नाई. विमानवाले अमावस्या पाहत नाईत, हे सांगून मी थकलो. शेवटी प्रस्थान ठेवाचं ठरलं. म्हणजे चांगल्या दिवशी सामान घराबाहेर काढून दुसऱ्यापाशी ठेवाचं, मंग माणूस कवाबी निघाला तरी तो त्याच दिवशी निघाला असं धरतात. चांगला दिवस निघाला शुक्रवार. पण शुक्रवारी पश्चिमेले निघू नये म्हणतात. म्हणून मुंबईची बॅग मायनं पूर्वेले, अमरावतीले आणली.

३. बॅग माह्या मावशीपाशी ठेवली. तिचं नाव माणिकबाई, ती बस स्टँडवर हार विकते. तिनं ती बाकड्यावर ठेवली अन् पाणी आणाले गेली. तेवढ्यात बेवारस बॅग पाहून कोणीतरी ठाण्यात फोन केला. आपले लोक कुत्रं घेऊन आले. कुत्रं पाहून मावशी इतकी भेली, का "कोणाची बॅग?" विचारल्यावर "मले नाई माईत" म्हणाली. तेच बयान पंचनाम्यात हाय, खाली तिचा अंगठा. मंग भेवानं तिनं आमाले सांगितलंच नाई. आज सकाळी बॅग घ्याले आलो तवा रडत रडत सांगितलं.

४. बॅगेत काय हाय ते न पाहता सांगतो, ताळा करून पाहा. दोन जीन, नवीन. बाबाचं स्वेटर, वाळवंटात कायले पायजे ते मायले विचारा. तिखटाचा डबा. सांडगे, कुत्रं बहुतेक त्यापाशीच बसलं असल. वर लाल कापडात तांदूळ, सुपारी, हळकुंड. त्यातून जो लोंबते तो दोरा हाय, वायर नाई. तळाशी फोल्डरात पासपोर्ट, व्हिसा, तिकीट. वजन बाबाच्या भाजीच्या काट्यावर केलं. तो काटा गिऱ्हाईकाले किती दाखवते हे मले ठाऊक हाय, म्हणून जराक जास्तच भरलं.

५. हे सारं ऐकून रामराव साहेब नरमले, चहा पाजला, अन् मंग सांगितलं का मालखान्याची चावी जमादार जानराव साहेबांपाशी हाय अन् ते बंदोबस्ताले सेमाडोहले गेले. तिथं सारं जंगल, रेंज नाई. मी म्हटलं, दुसरी चावी असल नं. ते म्हणे, "हाय नं. मालखान्यातच ठेवली हाय." दुपारचं भांडण ते हेच. आपण मीटिंगमध्ये होते, नाईतं आपल्यापुढं झालं असतं.

तरी विनंती की कुलूप तोडाचा हुकूम द्यावा. नवीन कुलूप मी आणून देतो. मावशीले बयान बदलू द्या, अन् तिले दरडावू नका, ती अजून भेलेली हाय. बॅग तिच्याच हाती द्या, मावशी ती अकोल्याच्या बसमध्ये ठेवून देईल.

तुमी मीटिंगमधून कवा बाहेर येसान, कोणीच सांगत नाई. म्हणून मी सेमाडोहले चाललो, जानराव साहेबांले शोधाले. चावी भेटली तरी अकोल्याहून मुंबईची रात्रीची गाडी सापडत नाई, एवढा हिशोब मले येते. पण इथं बाकड्यावर बसून तिची वेळ टळताना पाहवणार नाई. कुलूप तुटलं तं फोन लावा, मी तसाच अकोल्याले वळतो; नंबर मावशीपाशी हाय. परतवाड्यापर्यंत लागते, पुढं लागत नाई.

आपल्या मालखान्यातल्या बॅगेचा मालक,
सागर गोवर्धन अंबाडकर
दिनांक : आजचा, अमावस्या

ता. क. : आवक शिक्का मारणारे साहेब जेवाले गेले, म्हणून अर्ज टेबलावर ठेवला. परतवाड्याची बस हॉर्न मारून राहिली, मले आता निघा लागते