कुठला टाका बरा

॥ श्री ॥
डिलाईल रोड, मुंबई
१२ जुलै २००३

ती. राधावन्संना मालनचा सा. न. वि. वि.

शिमग्याच्या सुमारास गर्भाची पिशवी काढली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती दुर्बिणीतून काढली, तरी आत जिथून निघाली तिथलं तोंड शिवावं लागतं. आमच्या इस्पितळात निम्म्या बायकांना दुर्बिणीतूनच टाके घालतात, निम्म्यांना खालून हाताने. कुठले बरे, ते डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही. म्हणून आम्हाला विचारून चिठ्ठी काढतात. माझी खालची निघाली.

काल तपासणी होती. नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं का, असं डॉक्टरीणबाई प्रत्येकीला विचारत होत्या. बाकड्यावर कण्हणाऱ्या बायका आत जाऊन हसतमुखाने म्हणाल्या, काही नाही हो, सगळं छान आहे! ज्यांनी बरं केलं त्यांच्या तोंडावर गाऱ्हाणं कसं सांगायचं, ही आपल्याकडची रीत. मी सांगितलं, दुखतं. बाहेर येऊन त्या बायकांना झापलं, की अशाने सगळेच टाके चांगले ठरतील आणि उद्या आपल्या पोरींना तेच घालतील. दोघी परत आत गेल्या. गिरणीच्या संपात गेटवर घसा बसेपर्यंत ओरडणारा तुमचा भाऊ मात्र लाजून जिन्यात जाऊन उभा राहिला.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.
आपली, मालन


कणकवली
२६ जुलै २००३

चि. सौ. मालन हिस आशीर्वाद, पण नाइलाजाने.

तुझं पत्र पोचलं, तुझ्या नवऱ्याने, दौलतनेही फोनवर सगळं सांगितलं. नवराबायकोतलं चव्हाट्यावर मांडलंस! आम्ही काय बायका नव्हतो? परत जाऊन सांग, दुखत नाही म्हणून. नाहीतर यंदा घरच्या गौरीला सुपात वाण घेऊन ओवसायला येऊ नकोस.

तुझं बरं चिंतणारी, राधा


डिलाईल रोड
९ ऑगस्ट २००३

ती. राधावन्संना सा. न. वि. वि.

नाही सांगणार. टाक्याजवळ मांस वाढलं होतं, ते डॉक्टरीणबाईंनी काढलं. मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. कुठला टाका बरा, याचा निकाल लागायला अजून अवकाश आहे, पण माझं दुखणं त्यात नोंदलं गेलं. मी ओवसायला येणार. सूप भरून येणार. गौर तुमच्या माहेरची, तशी माझ्या सासरचीही आहे. दारात अडवायचं तर चार माणसांत अडवा आणि कशासाठी तेही त्यांना सांगा.

माया असेल तर दार उघडं ठेवा.
आपली, मालन


कणकवली
१५ सप्टेंबर २००३

चि. सौ. मालन हिस अनेक आशीर्वाद.

तू सूप घेऊन आलीस तेव्हा मी तोंड फिरवलं. राग नव्हता गं, रडू येत होतं. एरवी शेजारच्या नलूकडून पत्र लिहून घेते. हे स्वतः लिहितेय, अक्षर लावून वाच.

माझंही दुखतं. रघुवीरच्या बाळंतपणात टाके पडले तेव्हापासून. तो आता दोन पोरांचा बाप आहे. ह्यांना कधी कळू दिलं नाही, सुईणीला नाही, डॉक्टरला तर नाहीच. सहन करणं म्हणजे संसार, असं मी तुलाही शिकवत होते. आग लागो त्या शिकवणीला.

तुझ्या डॉक्टरीणबाई चिठ्ठी न निघालेल्या बाईला बघतात का, विचार. दिवाळी झाली की येते. दौलतला सांगू नकोस, असं लिहिणार होते. सांग.

तुझी, राधा