तेरा पेरांची मिशी

ती. अक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण वाळवंटातून आल्यापासून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की आता तुम्ही दोघं त्याला घरातलाच धरता?

माझी लेक तीन वर्षं एका माशीमागे फिरते म्हणजे नेमकं करते काय, असं तू विचारलंस. मलाही परवापरवापर्यंत नीट ठाऊक नव्हतं (बापाने हे कबूल करू नये, पण तुझ्यापासून काय लपवायचं). तर ती साधी माशी नव्हे, गांधीलमाशी. भाऊजींच्या कानाला डसली होती ती जात वेगळी, तिचा मोठा गोतावळा. ही वाळूत एकटी बीळ खणते, एकटी शिकार आणते आणि पिल्लाची सोय लावून एकटीच निघून जाते. (यावर तू काय म्हणालीस ते इथवर ऐकू आलं. लग्नाचा विषय राहू दे.) ही जात अजून कुणीच नोंदवलेली नाही. पण लेकीला आजवर सापडले ते सगळे नर, आणि मादी मिळाल्याशिवाय वर्णन छापायला पाठवायचं नाही असं तिच्या विद्यापीठातल्या बाईंनी बजावलेलं. त्यात दुसऱ्या विद्यापीठातला कुणी दाढीवाला ह्याच माशीच्या मागावर आहे. त्याने आधी छापलं, की हिची तीन वर्षं वाळूत गेली.

म्हणून यंदा गाडी घेऊन वाळवंटात मीच गेलो. निघतानाच लेक म्हणाली, "बाबा, गाडी चालवा, बाकी काही चालवू नका. तोंड तर मुळीच नको." दोन दिवस मी गप्प होतो (गॅरेजात कुणाला सांगू नकोस, विश्वास ठेवणार नाहीत). तिसऱ्या दिवशी सकाळी एका झुडपाखाली आडवा झालो होतो, कान वाळूला टेकलेला. खालून आवाज आला. नटबोल्ट धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी, पस्तीस वर्षं इंजिनं कानाने ओळखतो. उडती माशी रिकामी गाडी असते. ही ओझ्याखाली होती, घाट चढणाऱ्या मालट्रकसारखी. म्हटलं, पोरी, इथे खाली कुणीतरी जोर लावून खणतंय. पाच मिनिटांत वाळू हलली आणि लेकीची जाळी पडली. मादी! लेक तिथेच फतकल मारून रडली. मी डोळ्यांत ऊन गेल्याचं सांगितलं.

आता अशा पहिल्या नगाला फार मान असतो, अक्का. पुढे जगात कुठेही तसली माशी सापडली, तर ताडून पाहायला हीच काढायची. म्हणून तिला टाचणीवर टोचून, खाली चिठ्ठी लावून आमच्या जेवणाच्या टेबलावर सुकत ठेवलेलं (आम्ही सध्या ओट्याशी उभं राहून जेवतो). परवा सकाळी लेक ग्रंथालयात गेली होती. मी सहज भिंगातून पाहिलं, तर माशीच्या पाठीवर वाळू. आपल्या गॅरेजातून धुळीची गाडी कधी बाहेर गेलेली नाही. कार्बोरेटर साफ करायचा रबरी फुगा घेतला आणि अगदी हलक्या हाताने दोनदा फुस्स केलं. वाळू गेली. डावी मिशीही गेली. (हो, मादीलाही मिशा असतात. मीही हसलो होतो, आता हसत नाही.)

तासभर गुडघ्यांवर शोधलं. शेवटी टेबलावरच, नरांच्या पेटीशेजारी, मिशी मिळाली. लेकीचाच डिंक टाचणीच्या टोकावर घेऊन अशी बसवली, की सांधा कुठे आहे ते मलाही सांगता येईना. दुपारी जेवताना लेक म्हणाली, "उद्या मिशांची पेरं मोजायची. मादीला बारा, नराला तेरा, त्यावरूनच तर ओळखतात." ती हात धुवायला गेली तेवढ्यात भिंग लावून मोजलं. उजवीकडे बारा. डावीकडे तेरा.

असो. बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्र खरं तर ह्यासाठी. मी लेकीला अजून सांगितलेलं नाही. काल ती दिवसभर भिंगावर वाकून होती. ते वर्णन तसंच गेलं, तर दाढीवाला म्हणेल, हिने दोन माश्या जोडून नवी जात केली. तू फोन कर. आत्याचं ती ऐकून घेते. वाऱ्याने झालं म्हण. नको, खरंच सांग.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवत होतो, तोच लेक आली आणि तिने तिचा कागद पुढे ठेवला. कालच लिहून झालं होतं: "डावी मिशी तुटलेली, त्या जागी नराची मिशी घरातील व्यक्तीने चिकटवलेली. मापे उजव्या मिशीवरून." मी काही बोलायच्या आत म्हणाली, "जोड सुरेख आहे बाबा. पण तुम्ही ती उलटी बसवलीत." ती येत्या रविवारी काढायची आहे, आणि जोडली त्यानेच काढायची म्हणून ते काम तिने मलाच दिलंय. तेव्हा फोन करू नकोस. निदान रविवारी दहा ते अकरा तरी कुणीच करू नका.