वाचून दाखवायचं पत्र

कराड, ८ जानेवारी २०२५

चि. ऊर्मिलेस, आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून कागदच बरा. सरिता न सांगता वाईला तिच्या भाचीकडे निघून गेली. ती नऊ वर्षांची असताना तुला सांभाळायला आणली, घरच्यासारखी वाढवली, आणि एक्केचाळीस वर्षांनी हे! ती तुझ्या शब्दाबाहेर नाही. परत ये म्हणून दोन ओळी लिही, भाची वाचून दाखवेल. इथे माझ्या चहाचं आधण ठेवायलाही कोणी नाही.

जावईबापूंना आशीर्वाद, ज्ञानदाला पापा. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी आई,
सुलेखा

वाल्डॉर्फ, जर्मनी, १६ फेब्रुवारी

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

सरिता परतल्याचं कळलं. मी लगेच लिहिलं होतं ना! तुझे उपकार फेडल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

परवा ज्ञानदा तिचं रेफेराट, म्हणजे वर्गापुढचं भाषण, मला म्हणून दाखवत होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध. मी कांदा चिरत ‘या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, बरोबर’, करत होते. पळालेले गुलाम धरून परत द्यायचे, असा कायदा होता म्हणे, गुलामगिरी नसलेल्या राज्यांनाही. त्यावरून लोक पेटले, नव्या मुलखात गुलाम ठेवायचे की नाही यावरून आणखी, आणि शेवटी देश दुभंगला. मालक म्हणायचे, ही तर आमच्या घरचीच माणसं. माझी सुरी थांबली. परत पाठवणाऱ्यांना लाज नव्हती का, असं पोरीनं जर्मनमध्ये विचारलं.

आई, मी शाळेत जायचे तेव्हा माझं दप्तर सरिता शाळेच्या फाटकापर्यंत आणायची आणि तिथूनच मागे फिरायची. मला फार लाज वाटते. तुझ्याइतकीच माझीही.

सोबत तिला पत्र आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा तूच वाचून दाखव. एक शब्दही गाळू नकोस.

रागावलीस तरी माया राहू दे.

तुझी,
ऊर्मिला

कराड, ५ मार्च

चि. ऊर्मिलेस, आशीर्वाद.

आधी खूप रागावले. सरितेला सांगितलं, ऊर्मी खुशाल आहे, एवढंच लिहिलंय. ती एवढ्यावरही हसली, आणि मी पत्र पुन्हा काढून वाचलं. चार दिवसांनी तिला समोर बसवून वाचलं. ‘ती. सरिताताईस, शि. सा. न. वि. वि. मी बोलावलं ते चुकलं. तुला हवं तिथे राहा.’

तिनं माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “काकू, पहिली ओळ परत वाचा.”

तीन वेळा वाचली. उद्या सकाळच्या एसटीने ती वाईला जाते आहे. पत्र घडी करून तिनं पिशवीत ठेवलंय.

आज चहा मी केला, दोघींचा. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल, तर उरलेला तरी असू दे.

आई