सातवी ब आणि पानफुटीची अडतीस पिल्लं

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण वयोमानाप्रमाणे आता आठांपैकी चार-पाच अंगंच सांगितलेलं ऐकतात, तेव्हा तेवढ्यांचाच गोड मानून घे. वहिनीला माझा नमस्कार सांग. तिची पाठ कशी आहे? तुझा रक्तदाब? (औषध घेतोस ना? ‘घेतो’ म्हणशील. ‘रोज घेतोस का’ असं विचारायला हवं होतं.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पत्राच्या पहिल्या परिच्छेदात जेवढं ठीक असावं लागतं तेवढं आहे. तीन वर्षांनी एकदम पाकीट आलं म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. निदान माणसांपैकी कुणी नाही.

तर झालं असं, की आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सत्राच्या मध्यावर दुसऱ्या शाळेत निघून गेले आणि सातवी ब अनाथ झाली. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. खोलीत बोलावून त्यांनी आजवर कुणाला चांगली बातमी दिलेली नाही. म्हणाले, विज्ञान तुम्ही घ्या. मी म्हटलं, सर, मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवतेय. त्यावर ते म्हणाले, “बाई, पृथ्वी काय आणि पेशी काय, दोन्ही गोलच.” ज्या माणसाला हा युक्तिवाद वाटतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी पुस्तक उघडलं तर पुढचाच धडा, सजीवांमधील पुनरुत्पादन. अलैंगिक आणि लैंगिक. आणि त्यांचा संततीच्या विविधतेवर होणारा परिणाम. म्हणजे जाणाऱ्या सरांनी मुहूर्त बघूनच राजीनामा दिला होता.

मुख्याध्यापकांनाही धड्याचं नाव दिसलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी ते जिन्यात मला अडवून हळूच म्हणाले, की पालक असतात, तक्रारी येतात, तेव्हा तो शब्द शक्यतो टाळा. त्याऐवजी ‘पद्धत पहिली’ आणि ‘पद्धत दुसरी’ म्हणा. दादा, मी वर्गात जाऊन फळ्यावर ‘पद्धत पहिली’ लिहिलं आणि मागच्या बाकावरून जी खसखस पिकली, त्यावरून कळलं की धडा सगळ्यांनी आधीच वाचलेला आहे (आयुष्यात पहिल्यांदा). मग मी सरळ तो शब्द फळ्याभर मोठा लिहिला आणि प्रत्येकाला वहीत पंचवीस वेळा लिहायला लावला. कुठलाही शब्द पंचवीस वेळा लिहायला लावला की त्यातली मजा निघून जाते, हे मला ‘पर्जन्यमान’ शिकवून शिकवून माहीत आहे. तास संपेपर्यंत ‘लैंगिक’ हा शब्द इतका कंटाळवाणा झाला होता की पोरं जांभया देत होती. माझ्या शिक्षकी आयुष्यातलं हे एकमेव निर्विवाद यश. पुढचं ऐक.

अलैंगिक समजावणं सोपं होतं. जन्मदाता एकच, म्हणून पिल्लू हुबेहूब त्याच्यासारखं. बटाट्याच्या डोळ्यातून येणारं रोप म्हणजे तोच बटाटा, पुन्हा. लैंगिकमध्ये दोघांकडून अर्धं अर्धं येतं आणि दर वेळी वेगळं मिसळतं, हे मात्र गळी उतरेना. म्हणून मी पत्त्यांचे दोन जोड नेले. निळा आईचा, लाल वडिलांचा. प्रत्येकाने निळ्यातली पाच पानं आणि लालमधली पाच पानं न बघता उचलायची. दहा पानं म्हणजे एक अपत्य. अपत्याची नोंद वहीत करायची, पानं परत पिसायची, पुढच्याने उचलायची. अडतीस पोरांच्या अडतीस नोंदी, एकीसारखी दुसरी नाही! मला स्वतःलाच तेव्हा कुठे धडा कळला. आपण दोघं एकाच आईबाबांची, पण तू ताडमाड आणि मी बुटबैंगण, तू दोन दिवसांत एक वाक्य बोलणार आणि मी एका श्वासात दोन दिवसांचं, ते याचमुळे. (हट्टाचं पान तेवढं दोघांच्याही वाट्याला आलं. ते नेमकं कुणाच्या जोडातून आलं यावरून आईबाबा जन्मभर एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.) नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक दारात उभे राहिले, आणि नेमका त्याच वेळी खिडकीजवळचा एक जण आनंदाने ओरडला, “बाई, मला बापाकडून चारी गुलाम आले!” मला लेखी खुलासा द्यावा लागला. दोन पानी. त्यात ‘गुलाम’ या शब्दाचं स्पष्टीकरण वेगळं.

वर्गात एक जुळी जोडी आहे, अगदी एकाच साच्यातली. मी त्यांना ‘अलीकडचा’ आणि ‘पलीकडचा’ म्हणते, आणि ते जागा बदलून बसतात. त्यांनी विचारलं, की आम्ही मग बटाटा का? मी सांगितलं, तसं नाही, तुम्ही आधी दोघांपासून एकच झालात आणि मग त्या एकाचे दोन झालात. अलीकडचा खूश झाला. पलीकडच्याने जरा विचार करून विचारलं, “म्हणजे हा नापास झाला तर मीही होणार?” याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, अभ्यास वेगवेगळा करा.

आणि मग शंकासुर उठली. हे एका मुलीला मीच ठेवलेलं नाव. दोन वेण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, तासात एकच प्रश्न विचारते पण त्याने तास संपतो. ती म्हणाली, “बाई, एकट्या जिवालासुद्धा पिल्लं होतात असं तुम्ही सांगितलंत. तुम्ही एकट्याच असता ना? मग तुम्हाला का नाही झालं?”

दादा, तिच्या चेहऱ्यावर खोडसाळपणाचा लवलेश नव्हता. धडा नीट ऐकलेल्या मुलीला जो प्रश्न पडायला हवा तोच तिला पडला होता. बाकीच्या सदतीस जणांनी एकदम वहीत डोकी खुपसली. त्यांना कळलं होतं, तिला नव्हतं. मी म्हटलं, “माणसाला ती सोय नाही.” मग फळ्याकडे वळून गृहपाठ लिहायला लागले. तेराव्या प्रश्नाला खडू संपला तेव्हा लक्षात आलं की धड्याखाली स्वाध्यायच नऊ आहेत. शिक्षकखोलीत मी हा किस्सा सांगितला, सगळे पोट धरून हसले, मीही हसले. चित्रकलेच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा कप विसळून जागेवर ठेवला. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग करायचं ठरवलं. का, ते विचारू नकोस. वर्गाला काहीतरी हातात द्यावं असं वाटलं, एवढंच. माझ्या गच्चीत आईची पानफुटीची कुंडी होती. तिची अडतीस पानं मी मोजून खुडली. झाड अगदी भुंडं झालं, वर शेंड्याला तेवढी चार कोवळी राहिली. शाळेच्या कुंपणाशी वेगवेगळ्या रंगांच्या गुलबक्षी आहेत, तिथून मिऱ्यांसारखं काळं बी गोळा केलं. प्रत्येकाला ट्रेमध्ये एक पान आणि एक बी. पान म्हणजे पद्धत पहिली, बी म्हणजे पद्धत दुसरी. ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर. आणि पोरं म्हणाली, की बाई, आईला पिल्लांजवळच ठेवा ना, म्हणून मी ती कुंडीही वर्गात नेऊन ठेवली. माझ्या गाढवपणाला तोड नाही, पण त्या क्षणी ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

तीन आठवडे सातवी बइतका सुखी वर्ग शाळेत नव्हता. पानांच्या खाचाखाचांतून इवली रोपं फुटली, प्रत्येकाने त्यातलं एकेकच ठेवलं, सगळी एकसारखी, पट्टीने मोजली तरी फरक सापडेना. गुलबक्षीची रोपं मात्र बारा गावच्या बारा जणांसारखी. कुणाचा देठ लालसर, कुणाचा पोपटी, एक उंच, एक ठेंगणं, एक जन्मतःच वाकडं. हजेरीनंतर झाडांची हजेरी व्हायची. मधल्या सुट्टीत मी कुंडीशेजारी बसून डबा खायला लागले. (चित्रकलेच्या बाईही यायच्या. त्या बोलत नाहीत, तुझ्यासारख्या.)

मग चार दिवस जोडून सुट्टी आली. जाताना प्रत्येकाने आपापल्या रोपाला ‘चार दिवसांचं एकदम’ पाणी घातलं. संध्याकाळी वर्ग बंद करताना शिपाईमामांना रोपांची दया आली, त्यांनीही घातलं. खिडक्या गच्च लावल्या. पाचव्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा आधी वास आला. पानफुटीची अडतीसच्या अडतीस पिल्लं काळी पडून चिखलात झोपली होती. वाचलेलं एकसुद्धा नाही. कुंडीतलं खोडही तळापासून मऊ झालं होतं, बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. मी वरचा शेंडा कापून घरी नेला, कोरड्या मातीत लावला. तोही चौथ्या दिवशी बसला. शिपाईमामा दारात उभे राहून टोपी चुरगळत होते. “बाई, मी आपलं भल्यासाठीच...” मी म्हटलं, मामा, सगळ्यांनी भल्यासाठीच घातलं.

गुलबक्षीचीही बरीच गेली, पण नऊ जगली. त्यांत ते वाकडंही होतं. आता शिक्षिका म्हणून मला नाचायला हवं होतं, कारण ‘विविधता असली की संकटात काही तरी तगतात’ हे धड्याचं शेवटचं वाक्य शब्दशः खिडकीत उभं होतं. मी मात्र खुर्चीवर बसून राहिले. वर्ग शंकासुरनेच घेतला. ती म्हणाली, ही तुलना पुरती खरी नाही, कारण दोन्ही झाडं मुळात वेगळी आहेत, पानफुटीला पाणी तसंही सोसत नाही. (मुख्याध्यापकांनी विज्ञान तिलाच द्यायला हवं होतं.) पण एवढं खरं, ती म्हणाली, की पानफुटी सगळी एकच होती, म्हणून जे एकीला सोसलं नाही ते कुणालाच सोसलं नाही. गुलबक्षी आपसांत वेगळ्या होत्या, म्हणून काहींना सोसलं.

तास सुटल्यावर ती मागे राहिली. कुंडी कुणाची होती म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईची. तिने लावलेली. ती जरा वेळ चष्म्याचा दोरा घट्ट करत राहिली. मग म्हणाली, “बाई, पण पानापासून येतं ते दुसरं झाड नसतं ना? तेच असतं. मग आईंनी कुणाला पान दिलं असेल, तर त्यांच्याकडे हीच असेल. कुणाला दिलं होतं का?”

मी म्हटलं, नाही. कुणालाच नाही.

तर असं आहे सगळं. धडा संपला. घटक चाचणीत सातवी बला या धड्यावर शाळेत सर्वांत जास्त गुण मिळाले आणि मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षीही विज्ञान माझ्याच गळ्यात घातलं. गच्चीत कुंडीच्या जागी मातीचा एक गोल डाग उरला आहे, घासला तरी जात नाही. वहिनीच्या पाठीला शेक देत जा. कळावे, लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझी,
(आता चौपन्न वर्षांची) ठकी

ता. क. हे पत्र सहज लिहिलं आहे. काही काम नाही.

ता. क. २. काम आहे. शंकासुरला मी खोटं सांगितलं. आईच्या तेराव्या दिवशी तू जाताना त्या कुंडीतलं एक पान रुमालात गुंडाळलंस, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, की आईला न्यायला पाच वर्षांत वेळ झाला नाही, पान न्यायला बरा झाला. रुमाल खिशात घातलास आणि निघालास. तुझी बदल्यांची नोकरी, वहिनीचं पाठीचं ऑपरेशन, हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. शिवाय आईच तुझ्याकडे यायला तयार नव्हती, हेही. मला फक्त कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तू सर्वांत उंच दिसलास. तुझ्याकडे ते पान लागलं असेल तर मला त्यातलं एक पाठव. नसेल लागलं तर तसं कळव, मी काही म्हणणार नाही.

ता. क. ३. पाकिटात घालून पाठवलंस तरी चालेल. पानफुटी पाकिटातसुद्धा फुटते. स्वतः आणलंस तर माझ्या दाराची घंटा बंद पडली आहे, कडी वाजव. मी गच्चीत असेन तर ऐकू यायला वेळ लागतो. लगेच परत फिरू नकोस.