बर्फावरची माती

प्रिय स्पालझेस,

तुझं झाड जिवंत आहे. आधी एवढं वाच नि श्वास सोड, मग पुढचं. शेजारच्या दिस्कितची गाय व्याली, वासरू थेट तिच्या नवऱ्यासारखं दिसतं, पण ते राहू दे.

"इतक्या उंचावर जर्दाळू? त्यापेक्षा याकला पोहायला शिकव!" म्हणून गाव तुला हसलं होतं. तुझा बाप म्हणाला, यंदा फळ धरलं तर वाडी तुझी, नाहीतर तिथं मी पाहुण्यांसाठी खोल्या बांधणार. तू तणतणत जम्मूला गेलीस. खोल्यांचे दगड कुंपणाशी येऊन पडले. येता-जाता मी त्यांच्यावर डोळे वटारायची.

जवाच्या शेतातलं बर्फ लवकर वितळावं म्हणून आपण त्यावर माती फेकतो ना? यंदा तुझ्या बापानं ती तुझ्या झाडाभोवतीही फेकली. मुळांना ऊब लागली नि खुळं झाड थंडी सरायच्या आधीच फुललं. दिस्कित कुंपणावरून ओरडली, "काय रे पुंचोक, फुलवून मारतोस होय पोरीचं झाड?" मलाही तेच वाटलं गं. पोटच्या पोरावर संशय आला नि माझा लोणी-मिठाचा चहा तसाच निवत राहिला.

आणि वारं आलंच. उन्हं कलली तसं बर्फाच्या डोंगरावरून सुरीसारखं उतरलं. पाटातलं पाणी गोठायला लागलं. मी शेण्या पेटवून धूर केला, तर वाऱ्यानं तो सगळा दिस्कितच्या घरात नेऊन घातला. तिच्या शिव्या अजून कानात आहेत! आता फुलं गेलीच म्हणून मी रडायच्या बेतात, तोच तुझा बाप आला. अंगातला लोकरी गोंचा काढून त्यानं झाडाला गुंडाळला नि स्वतः वाऱ्याला पाठ देऊन बसला. "आत चल, मूर्खा!" म्हटलं तर म्हणतो, "आमा-ले, तू आपला चहा ऊन कर." उजाडेपर्यंत हलला नाही. मग कितीतरी दिवस शिंकत होता.

फळं धरलीत, पोरी! बोराएवढी, हिरवीगार, लव असलेली. आज तो ते दगड उचलून वाडीचा बांध घालायला लागला, तेव्हा मी विचारलंच, माती का फेकली होतीस? मान वर न करता म्हणाला, "वाटलं, झाड लवकर फुललं, तर ती लवकर येईल." तो काही तुला लिहायचा नाही, म्हणून मी लिहिते. फळ पिकायच्या आत ये.

तुझीच आजी,
अबी